नाकाबंदीतला गुन्हा आणि वैमानिकाचे लायसन्स

दारू पिऊन गाडी चालवताना एखादा वैमानिक पोलिसांना सापडला, तर त्याच्या विमान चालवण्याच्या लायसन्सचे काय होते? नागपूरला हा प्रश्न आता परका राहिलेला नाही. सोनेगावच्या धावपट्टीवर नागपूर फ्लाइंग क्लबने विद्यार्थ्यांच्या पिढ्या उडवल्या. गोंदियाजवळ बिरसीला उड्डाण प्रशिक्षणाची मोठी संस्था आहे. अमरावतीजवळ बेलोऱ्याला एअर इंडिया वर्षाला १८० वैमानिक तयार करण्याच्या इराद्याने प्रशिक्षण केंद्र उभारते आहे. बारावी झाल्यावर ‘पायलट व्हायचंय’ असे म्हणणारी मुले-मुली आता धरमपेठेतच काय, वर्धा-यवतमाळच्या घरांतही भेटतात.

आणि याच नागपूरने फेब्रुवारी २०२४ मध्ये रामझुल्यावरचा अपघात पाहिला. मध्यरात्रीनंतर भरधाव मर्सिडीजने दुचाकीवरच्या दोन तरुणांचा जीव घेतला. गाडी दारूच्या नशेत चालवली जात होती, असा आरोप झाला आणि अटकेचा व जामिनाचा वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. पुढच्या मे महिन्यात पुण्याच्या कल्याणीनगरात पोर्शे गाडीखाली दोघे गेले आणि रक्ताचे नमुने बदलल्याच्या प्रकरणाने राज्य हादरले. या दोन्ही प्रकरणांत कुणी वैमानिक नव्हता. पण दारू, स्टिअरिंग आणि पैसा एकत्र आले की काय होते, हे त्यांनी महाराष्ट्राला दाखवले.

मूळ प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे: विमानतळावरच्या चाचणीत वैमानिक दोषी ठरला तर नियम स्पष्ट आणि कडक आहेत. तो रस्त्यावर सापडला, तर लायसन्सवर थेट घाव घालणारा नियम आपल्याकडे नाही. परिणाम होतात, पण आडवाटेने, उशिरा आणि सगळ्यांना सारखे नाहीत. ही व्यवस्था प्रवाशाच्या हिताची नाही आणि वैमानिकाच्याही हिताची नाही, असे माझे ठाम मत आहे.

रस्त्यावरचा कायदा

मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ सर्वांना सारखे लागू आहे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असेल आणि माणूस गाडी चालवत असेल, तर तो गुन्हा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही; पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. शिवाय न्यायालय काही काळ गाडी चालवण्यास अपात्र ठरवू शकते. दारूच्या नशेत कुणाचा जीव घेतला, तर प्रकरण १८५ वर थांबत नाही. २००६ मध्ये मुंबईच्या कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेले सात मजूर गाडीखाली चिरडले गेले. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सदोष मनुष्यवधाची शिक्षा कायम केली.

पण बहुसंख्य प्रकरणे इतकी गंभीर नसतात. थर्टी फर्स्टला किंवा एखाद्या शनिवारी रात्री नाकाबंदी लागते. पोलीस मशीन पुढे करतात, चालक फुंकतो, आकडा उमटतो. गाडी जमा होते, कागद तयार होतात आणि काही दिवसांनी कोर्टाची तारीख येते. तिथे एक गोष्ट इतक्या सहज घडते की तिच्याकडे कुणाचे लक्षही जात नाही. आरोपी गुन्हा कबूल करतो, दंड भरतो आणि ‘मिटलं एकदाचं’ म्हणत घरी जातो. ओळखीचे लोकही हाच सल्ला देतात: कशाला तारखांना खेटे घालतोस, भरून टाक.

कायद्याच्या दृष्टीने मात्र काहीच मिटलेले नसते. गुन्हा कबूल करून भरलेला दंड ही दोषसिद्धी आहे. दुकानदाराला किंवा बँकेतल्या कारकुनाला तिचा त्रास बहुधा कधी होत नाही. ज्याला पुढची तीस-पस्तीस वर्षे सरकारी अर्जांवर ‘तुमच्यावर कधी गुन्हा सिद्ध झाला आहे का?’ या प्रश्नाला उत्तर द्यायचे आहे, त्याच्यासाठी तो दंड फार महाग असतो. वैमानिक हा अशांपैकी एक.

विमानतळावरचा कायदा

१९३७ च्या विमान नियमांतला नियम २४ सांगतो की उड्डाणाआधीच्या १२ तासांत विमानातल्या कर्मचाऱ्याने मद्य घेतलेले नसावे. चाचणी कशी घ्यायची आणि शिक्षा काय, हे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय म्हणजे डीजीसीएच्या नियमावलीत तपशिलाने आहे. रस्त्यावर ३० मिलिग्रॅमपर्यंत सूट आहे. कॉकपिटसाठी मर्यादा शून्य. मशीनवर ०.००० आला तरच वैमानिक विमानाकडे जातो.

ही चाचणी जवळून पाहण्यासारखी आहे. ड्युटीच्या पहिल्या उड्डाणाआधी डॉक्टर किंवा प्रशिक्षित कर्मचाऱ्यासमोर, कॅमेऱ्याच्या नजरेखाली वैमानिक फुंकतो. शून्याच्या वर काहीही आले तर त्याला तोंड धुऊन चूळ भरू देतात आणि पंधरा-वीस मिनिटे थांबवतात. मधल्या वेळात मशीन ठीक आहे की नाही, हे दुसऱ्या माणसाच्या श्वासावर तपासतात. मग दुसरी चाचणी. तीही शून्यावर आली नाही, तर वैमानिकाला ड्युटीवरून उतरवतात आणि अहवाल डीजीसीएकडे जातो. चाचणी नाकारणे, टाळणे किंवा तिथून निघून जाणे यांचीही गणती गुन्ह्यातच होते. २०२३ मध्ये सुधारलेल्या नियमांत अल्कोहोल असलेला माउथवॉश आणि दातांचे जेल वापरण्यावरही बंदी आली.

शिक्षेच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. पहिल्यांदा सापडल्यास लायसन्स तीन महिने निलंबित, दुसऱ्यांदा तीन वर्षे, तिसऱ्यांदा कायमचे रद्द. हुद्दा पाहून सूट नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये दिल्ली-लंडन उड्डाणाआधी एअर इंडियाचे तेव्हाचे संचालन विभागाचे संचालक, म्हणजे कंपनीच्या सर्व वैमानिकांचे प्रमुख, चाचणीत सापडले. आदल्या वर्षी चाचणी टाळल्याबद्दल त्यांचे लायसन्स तीन महिने निलंबित झालेले होते. या वेळी तीन वर्षांचे निलंबन झाले आणि पदही गेले.

शून्याचा आग्रह अतिरेकी वाटू शकतो, पण त्यामागे शरीरशास्त्र आहे. शरीर १०० मिलिलिटर रक्तामागे ताशी साधारण १५ मिलिग्रॅम या वेगाने अल्कोहोल कमी करते. मध्यरात्री एखाद्याच्या रक्तात याच मापाने १८० मिलिग्रॅम असेल, तर शून्यावर यायला दुसऱ्या दिवशीची दुपार उजाडते. सकाळी आंघोळ, कडक चहा आणि पोहे यांनी माणूस ताजातवाना दिसतो. रक्तातला आकडा त्यामुळे लवकर उतरत नाही. त्यातच आतल्या कानातले तोल सांभाळणारे द्रव आणि त्यातले पडदे अल्कोहोल वेगवेगळ्या वेगाने शोषतात आणि सोडतात, म्हणून रक्त शून्यावर आल्यावरही काही तास डोके हलवले की भोवळल्यासारखे होऊ शकते. ढगांत शिरलेल्या आणि बाहेर काहीच न दिसणाऱ्या वैमानिकासाठी तोलाची एवढी गडबडही जीवघेणी ठरू शकते. १९७७ मध्ये अलास्कातल्या अँकरेज येथे जपान एअरलाइन्सचे मालवाहू डीसी-८ विमान उड्डाण करताच कोसळले आणि विमानातले पाचही जण गेले. कॅप्टन दारूच्या अमलाखाली होता.

दोन कायद्यांच्या मधली मोकळी जागा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. शनिवारी रात्री नाकाबंदीत सापडलेला वैमानिक मंगळवारी ड्युटीवर येतो, मशीनमध्ये फुंकतो, शून्य येतो आणि तो उडतो. शनिवारची नोंद पोलीस ठाण्यात आणि कोर्टात राहते. डीजीसीएपर्यंत ती आपोआप जात नाही. वैमानिकाने रस्त्यावरचा असा गुन्हा ठरावीक दिवसांत कळवलाच पाहिजे, असे सांगणारा अमेरिकेसारखा स्वतंत्र नियम आपल्याकडे नाही.

म्हणून काहीच होत नाही, असे मात्र नाही. परिणाम चार वाटांनी येऊ शकतात.

पहिली वाट विमान नियमांतलीच. नियम १९ प्रमाणे, लायसन्सधारक मद्याच्या बाबतीत सवयीने असंयमी असल्याची खात्री झाल्यास, त्याची बाजू ऐकून घेऊन लायसन्स निलंबित किंवा रद्द करता येते. एकाच नाकाबंदीतून ‘सवय’ सिद्ध होणार नाही. दोन-तीन प्रकरणे जमली, किंवा रस्त्यावरच्या गुन्ह्याला विमानतळावरच्या चाचणीची जोड मिळाली, तर हा नियम जागा होऊ शकतो.

दुसरी वाट वैद्यकीय तपासणीची. व्यावसायिक वैमानिकाला पहिल्या वर्गाचे मेडिकल ठरावीक मुदतीने नव्याने मिळवावे लागते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट १ नुसार मद्याच्या आहारी गेलेला माणूस वैद्यकीयदृष्ट्या अपात्र ठरतो. त्याच परिशिष्टात मादक पदार्थांच्या ‘समस्याजनक वापरा’ची व्याख्या आहे, आणि तीत इतरांचा जीव, आरोग्य किंवा कल्याण धोक्यात आणणारा वापरही येतो. दारू पिऊन भर रस्त्यात गाडी चालवणे या व्याख्येत सरळ बसते. म्हणजे जागतिक मानकाने हा दुवा केव्हाच जोडलेला आहे. आपल्या दैनंदिन व्यवहाराने तो अजून जोडलेला नाही.

तिसरी वाट पडताळणीची. विमानतळाच्या आत जाण्यासाठी लागणाऱ्या प्रवेशपत्रासाठी पोलिसांकडून पार्श्वभूमी तपासली जाते. पासपोर्टच्या नूतनीकरणातही तेच. पासपोर्ट कायद्याच्या कलम ६ नुसार फौजदारी न्यायालयात खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. न्यायालयाची परवानगी आणली तर १९९३ च्या अधिसूचनेप्रमाणे मर्यादित मुदतीचा पासपोर्ट मिळतो. न्यायालयाने मुदत सांगितली नाही, तर तो एकाच वर्षाचा असतो. आंतरराष्ट्रीय मार्गांवर उडणाऱ्याला याचा फटका लगेच बसतो. अमेरिकेच्या व्हिसाचेही असेच. मागच्या पाच वर्षांत दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक झाल्याचे कळले, तर तो देश दिलेला व्हिसा मागे घेऊ शकतो आणि पुन्हा अर्ज करणाऱ्याला ठरवून दिलेल्या डॉक्टरकडे पाठवू शकतो. तिथे दोषसिद्धीची वाट पाहत नाहीत, अटक पुरते.

चौथी वाट नोकरीची. विमान कंपन्यांचे सेवानियम आणि भरतीचे अर्ज गुन्ह्यांची माहिती मागतात. ती लपवली आणि पुढे उघड झाली, तर नोकरी दारूमुळे जात नाही, खोटे बोलल्यामुळे जाते. एकदा खोटे बोललेला वैमानिक म्हणून नाव झाले की दुसरी कंपनीही दार उघडत नाही.

या चारही वाटा एकत्र पाहिल्या की त्यांतला दोष दिसतो. ज्याचा पासपोर्ट पुढच्या महिन्यात संपतो, तो अडकतो. ज्याचा नऊ वर्षे चालणार आहे, तो सुटतो. एखाद्याची पडताळणी कसून होते, दुसऱ्याची वरवर. विमानातल्या दीड-दोनशे जणांचा जीव ज्याच्या हाती आहे, त्याच्या दारूच्या सवयीचा छडा अशा योगायोगावर सोडता येणार नाही.

अमेरिकेने काय केले

अमेरिकेत १९८० च्या दशकात लक्षात आले की रस्त्यावर दारूच्या गुन्ह्यात दोषी ठरलेले अनेक वैमानिक वैद्यकीय अर्जात ती गोष्ट लिहीतच नाहीत. १९९० पासून तिथे नियम आला. दारू किंवा अमली पदार्थांच्या नशेत गाडी चालवल्याबद्दल दोषसिद्धी झाली, किंवा त्याच कारणाने गाडीचे लायसन्स निलंबित वा रद्द झाले, तर वैमानिकाने ६० दिवसांत विमान प्रशासनाला लेखी कळवायचे. न कळवणे हा वेगळा गुन्हा. तीन वर्षांत अशा दोन वेगवेगळ्या घटना झाल्या, तर वैमानिकाचे प्रमाणपत्र निलंबित किंवा रद्द होऊ शकते. वैद्यकीय अर्जात अटकेचीही माहिती द्यावी लागते आणि ती राष्ट्रीय वाहनचालक नोंदींशी ताडून पाहिली जाते. रक्तातले प्रमाण फार जास्त निघाले किंवा चाचणी नाकारली, तर तपासणी करणारा डॉक्टर प्रमाणपत्र स्वतः देत नाही. प्रकरण वर पाठवतो.

या कडकपणाला आधार आहे. दारू पिऊन गाडी चालवल्याचा इतिहास असलेल्या खासगी वैमानिकांच्या विमान अपघातांचा धोका इतरांपेक्षा लक्षणीय जास्त असल्याचे तिथल्या संशोधकांना आढळले आहे. यात नवल नाही. गाडीची किल्ली उचलताना ‘मला काही झालेलं नाही, मी नीट चालवेन’ असे म्हणणारा आत्मविश्वास विमानाच्या दारातही माणसासोबत येतो.

पण अमेरिकेच्या व्यवस्थेचा दुसरा अर्धा भाग आपल्याकडे क्वचितच सांगितला जातो. १९७४ पासून तिथे वैमानिकांसाठी व्यसनमुक्तीचा खास कार्यक्रम चालतो. विमान कंपनी, वैमानिक संघटना, डॉक्टर आणि सरकार मिळून तो चालवतात. उपचार, सहकाऱ्यांची देखरेख, अचानक होणाऱ्या चाचण्या आणि मग अटींसह परत उड्डाण. हजारो वैमानिक या वाटेने कॉकपिटमध्ये परतले. १९९० मध्ये नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचे तिन्ही वैमानिक दारूच्या अमलाखाली फार्गोहून मिनियापोलिसला विमान घेऊन आले आणि उतरताच पकडले गेले. तिघांना तुरुंगवास झाला. कॅप्टन लाइल प्राउस यांनी दारू सोडली, सगळी लायसन्स पहिल्यापासून मिळवली, त्याच कंपनीत पुन्हा उड्डाण केले आणि निवृत्त झाले. २००१ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी त्यांना माफी दिली. शिक्षा कठोर होती, आणि परतीचे दारही उघडे होते. ती व्यवस्था दोन्हींच्या बळावर चालते.

आक्षेप आणि त्यांचे वजन

रस्त्यावरचा गुन्हा विमानाच्या लायसन्सशी जोडा म्हटले की तीन आक्षेप येतात आणि तिन्ही दखल घेण्याजोगे आहेत.

पहिला: आरोप म्हणजे दोष नव्हे. मशीन चुकू शकते, पोलीस चुकू शकतात, वैर काढले जाऊ शकते. म्हणूनच कायदा अटकेनंतर दोन तासांत वैद्यकीय तपासणीची अट घालतो आणि रक्ताच्या नमुन्याला महत्त्व देतो. रक्ताच्या नमुन्याचे काय होऊ शकते, हे कल्याणीनगर प्रकरणात आपण पाहिले. त्यामुळे नुसत्या आरोपावर लायसन्स निलंबित करू नये, हे मान्य. पण आरोप कळवायला लावणे आणि त्यावरून वैद्यकीय मूल्यांकन करून घेणे ही शिक्षा नव्हे. छातीत दुखले तर वैमानिकाने डॉक्टरला सांगावे, अशी आपली अपेक्षा असते. तीच इथेही हवी.

दुसरा: ड्युटी नसताना माणूस काय करतो हा त्याचा खासगी प्रश्न. घरात, सुट्टीच्या दिवशी, कायद्यात राहून कुणी दारू प्यायले, तर ते खरेच खासगी आहे. पण सार्वजनिक रस्त्यावर इतरांचे प्राण पणाला लावणे खासगी कसे?

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: सक्ती केली तर वैमानिक लपवतील. हे खरे आहे आणि आजही तेच होते. तीन महिने, तीन वर्षे, कायमचे: या तीन पायऱ्यांच्या व्यवस्थेत मदत मागणाऱ्याला जागाच नाही. आपल्याला दारूचा त्रास आहे हे ज्याला स्वतःला कळले आहे, तो कुणाकडे जाणार? मानसिक आरोग्यासाठी सहकाऱ्यांच्या आधाराचे कार्यक्रम राबवावेत, अशी सूचना डीजीसीएने २०२३ मध्ये केली. दिशा बरोबर आहे. पण दारूसाठी वेगळी, लेखी हमी असलेली वाट हवी: स्वतःहून पुढे येणाऱ्याचे लायसन्स दंड म्हणून जाणार नाही, उपचार पूर्ण होईपर्यंत तो उडणार नाही आणि बरा झाल्यावर देखरेखीखाली परत येईल.

विदर्भातल्या विद्यार्थ्यांसाठी

हा विषय सर्वांत जास्त लागू पडतो तो वीस-बावीस वर्षांच्या प्रशिक्षणार्थ्याला. व्यावसायिक लायसन्ससाठी २०० तासांचे उड्डाण लागते आणि त्यापायी घरचे लोक अर्धा कोटी आणि त्याहून जास्त खर्च करतात. शेत किंवा प्लॉट विकून, कर्ज काढून ही फी भरणारी घरे विदर्भात आहेत. असा मुलगा किंवा मुलगी एका वाढदिवसाच्या पार्टीनंतर मित्राची गाडी चालवत नाकाबंदीत सापडते आणि सल्ला मिळतो: भरून टाक, मिटव. या एका सल्ल्यावर घरच्यांनी लावलेला सगळा पैसा पणाला लागतो.

म्हणून उड्डाण संस्थांनी पहिल्याच आठवड्यात विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या पालकांना चार गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. दारू प्यायल्यावर गाडीच्या किल्लीला हात लावायचा नाही, आणि उड्डाणाच्या आदल्या रात्री ग्लासलाही नाही. प्रकरण झालेच, तर वकिलाशी बोलल्याशिवाय कोर्टात काही कबूल करायचे नाही. एफआयआर, वैद्यकीय अहवाल आणि निकालाच्या प्रमाणित प्रती आयुष्यभर जपून ठेवायच्या. आणि कुठल्याही अर्जात विचारले तर खरे लिहायचे. एक जुना, नीट निकाली निघालेला गुन्हा वैमानिकाला समजावून सांगता येतो. लपवलेला गुन्हा समजावून सांगता येत नाही.

सरकारकडून अपेक्षा मोजक्या आहेत. १९३४ च्या विमान कायद्याची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली आहे. त्याखालचे नियम नव्याने पाहण्याची हीच वेळ आहे. वाहन चालवताना दारूचा गुन्हा नोंदला गेल्यास ठरावीक दिवसांत डीजीसीएला कळवण्याचे बंधन घालावे. कळवल्याबद्दल लगेच दंड नको. मानसोपचारतज्ज्ञ आणि विमानवैद्यक तज्ज्ञ यांच्याकडून मूल्यांकन व्हावे. लपवल्यास मात्र कारवाई कडक असावी. दुसऱ्यांदा गुन्हा झाल्यास उपचार सक्तीचे करावेत. आणि वाहन-परवान्यांच्या राष्ट्रीय नोंदी वैमानिकांच्या नोंदींशी ताडून पाहण्याची सोय व्हावी. दोन्ही नोंदी आज संगणकावर आहेत, त्यामुळे अडचण तंत्राची राहिलेली नाही.

विमानतळावरची चाचणी त्या सकाळचा श्वास मोजते आणि ते काम ती चोख करते. माणसाचे दारूशी असलेले नाते त्या एका श्वासात मावत नाही. त्याची पहिली खूण अनेकदा रस्त्यावर उमटते, विमानापर्यंत गोष्ट पोहोचण्याच्या कितीतरी आधी. ती खूण वेळेवर वाचली, तर प्रवासी वाचतील आणि वैमानिकाची नोकरी, घर आणि तब्येतही वाचवता येईल. नियम बदलायला एखाद्या अपघाताची वाट पाहण्याचे काहीच कारण नाही.